‘रेज अगेन्स्ट द मशीन’ ऐकणारे आपसांत इतके का भांडतात?

लॅमिंग्टन रोडवर स्पीकर घ्यायला गेलो होतो, त्याला आता वीसेक वर्षं होतील. दुकानदाराने विचारलं, “गझल लावू की इंग्लिश?” मी म्हटलं, तुम्ही रोज गिऱ्हाइकाला लावता ते लावा. त्याने झाकण तुटलेल्या डबीतून एक सीडी काढून प्लेअरमध्ये सरकवली. आधी बास आणि गिटार, दोघं दबक्या पावलांनी एकच चाल वाजवत आले. मग ड्रम आला, कुणीतरी घशातून हुंकार दिला आणि सगळं एकदम अंगावर कोसळलं. काउंटरवरचा कटिंगचा ग्लास थरथरत कडेकडे सरकायला लागला. दुकानदाराने तो न बघताच धरला, सवय असावी. “बघा, बास कुठे फाटला?” तो म्हणाला. हा गाणारा एवढा कशावर चिडलाय, असं मी विचारलं. “ते आपण कधी ऐकलं नाय, साहेब. पण असा आवाज दुसऱ्या सीडीत नाय.”

ते गाणं होतं ‘बॉम्बट्रॅक’, आणि अल्बम होता ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन बँडचा पहिला, बँडच्याच नावाचा, १९९२ सालचा. रॅप मेटल म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव याचंच येतं. पुढे या अल्बमबद्दल लोक काय बोलतात ते मी वाचत-ऐकत गेलो आणि त्या दुकानदाराचं वाक्य सारखं आठवत राहिलं. कारण जगभर याच्या श्रोत्यांचे जे तट पडलेत, त्यातला एक मोठा तट हेच म्हणतो: आवाज एक नंबर, शब्दांशी मला देणंघेणं नाही. दुसरा तट म्हणतो, शब्द काढले तर उरलं काय? तिसऱ्याला आरडाओरडा, घोषणा आणि ढोंग याखेरीज काही दिसत नाही.

जून २०२० मध्ये एका श्रोत्याने ट्विटरवर बँडचा गिटारवादक टॉम मोरेलो याला सुनावलं, की मी तुमचा चाहता होतो, पण तुमची राजकीय मतं बाहेर आली आणि मी संपलो. मोरेलोने उलट विचारलं, की राजकारण नसलेलं माझं कुठलं संगीत तुम्हाला आवडत होतं तेवढं सांगा, म्हणजे मी ते यादीतून काढून टाकतो. यावर पुष्कळ हशा झाला. मला मात्र त्या माणसाला मूर्ख ठरवून मोकळं व्हावंसं वाटत नाही. वर्षानुवर्षं एखादी गोष्ट कानावर पडूनही तिचे शब्द आत पोचत नाहीत, हे घडतं कसं, हा प्रश्न हसण्यापेक्षा मजेदार आहे. त्याचं उत्तर या अल्बमच्या घडणीतच आहे, म्हणून आधी घडण बघू.

रॅप म्हणजे काय, मेटल म्हणजे काय

रॅप म्हणजे ठेक्यावर बोलणं. सूर दुय्यम; शब्दाचं वजन, यमक आणि तो नेमका कुठल्या मात्रेवर पडतो हे मुख्य. डफाच्या थापेवर शाहीर शब्द कसे फेकतो ते आठवलं की रॅप निम्मा कळला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पोरांनी तो उभा केला. खाली वाजायची ती दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधली तुकडे-तुकडे जोडलेली धून.

मेटल म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत, जाड करून त्याची भिंत उभी करणं. त्या भिंतीची वीट म्हणजे ‘रिफ’. चार-सहा सुरांचा छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा वाजणारा. लेझीमच्या ठेक्याला जर चाल असती तर तिला आपण रिफ म्हटलं असतं. ती कानापेक्षा मानेला आधी कळते.

अमेरिकेत या दोन्हींचे रेडिओ वेगळे, दुकानातली कपाटं वेगळी, आणि ढोबळमानाने श्रोत्यांचा रंगही वेगळा. त्यांना एकत्र आणायचे प्रयोग आधी झाले होते. १९८६ मध्ये रॅपवाले रन-डीएमसी आणि रॉकवाले एरोस्मिथ, १९९१ मध्ये मेटलवाले अँथ्रॅक्स आणि रॅपवाले पब्लिक एनिमी. पण ती आमरस-पुरी होती. एका ताटात असली तरी पुरी वेगळी, रस वेगळा, बुडवून खायचं. १९९२ च्या या अल्बममध्ये पुरणपोळी झाली. इथे रिफ रॅपसाठी लिहिलेली आहे आणि रॅप रिफच्या खाचांत बसतो. पुरण काढून पोळी वेगळी दाखवता येत नाही. (पुरणपोळी न आवडणारे लोक असतात, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे पुढे येतो.)

ही चार माणसं आणि ते वर्ष

बँड लॉस एंजलिसमध्ये १९९१ ला जमला. शब्द झॅक डी ला रोचाचे; वडील मेक्सिकन-अमेरिकन चळवळीतले चित्रकार, आणि हा स्वतः आधी पंक, म्हणजे वेगवान, बंडखोर रॉक, वाजवणाऱ्या बँडमध्ये गाणारा. गिटार मोरेलोची, वडील केनियाचे राजनैतिक अधिकारी, आई शाळेत शिकवणारी, आणि स्वतः हार्वर्डचा पदवीधर. बासवर टिम कॉमरफर्ड, ड्रमवर ब्रॅड विल्क. मोठ्या कंपनीने हात धरण्याआधी त्यांनी स्वतःच बारा गाण्यांची कॅसेट काढली होती. तिच्या मुखपृष्ठावर वर्तमानपत्रातलं शेअर बाजाराचं पान आणि आत चिकटवलेली एक काडेपेटीतली काडी. इशारा समजायला व्याकरण लागत नाही.

वर्षही तसंच. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर बेदम मारलं आणि एका रहिवाशाने ते गॅलरीतून चित्रित केलं. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. तरी २९ एप्रिल १९९२ ला ज्युरीने पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडलं आणि शहर पेटलं. साठाहून जास्त माणसं मेली. ३ नोव्हेंबरला हा अल्बम आला. दहा गाणी, साधारण ५३ मिनिटं. त्या संतापाची हवा त्यात भरलेली आहे, हे मला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

मग ते डीजेसारखे आवाज कुठून येतात?

नव्या श्रोत्याला हमखास पडणारा प्रश्न. रॅपच्या कार्यक्रमात डीजे रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासतो आणि ‘विकी-विकी’ असा आवाज काढतो, तसले आवाज या अल्बममध्ये जागोजाग आहेत. पण अल्बमच्या कागदावर बँडने ठणकावून छापलंय, की यात सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा), कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेला नाही. म्हणजे ते सगळं गिटारमधून निघालंय.

युक्ती ऐकली की हसू येतं, इतकी ती घरगुती आहे. इलेक्ट्रिक गिटारवर तारांचा आवाज पकडणारे पिकअप असतात आणि त्यातला कुठला चालू ठेवायचा हे ठरवायला एक छोटं बटण, टॉगल स्विच. मोरेलो एका पिकअपचा आवाज पूर्ण बंद ठेवतो, दुसऱ्याचा पूर्ण उघडा, आणि बटण टकटक खालीवर करतो. लहान मुलं खोलीतल्या दिव्याचं बटण सारखं चालू-बंद करत बसतात, अगदी तसं. आवाज तुटत-तुटत येतो. ‘नो युअर एनिमी’ची सुरुवात ऐका, ती हीच. दुसऱ्या हाताने तारा घासल्या की झालं स्क्रॅचिंग. पायाखाली ‘व्हॅमी’ नावाचं पेडल. ते दाबलं की सूर सप्तकभर वर उडतो. ‘किलिंग इन द नेम’मध्ये मधेच गिटार किंचाळते ती याच्यामुळे.

आणखी एक शब्द कानावर येईल, ‘ड्रॉप डी’. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीपेक्षा एक सूर सैल करायची, बस. आवाज खाली जातो, भारदस्त होतो, आणि एका बोटाने जड रिफ वाजते. मोरेलोने सांगितलेली हकीकत अशी, की तो एका विद्यार्थ्याला हेच शिकवत असताना हातातून एक चाल निघाली. त्याने शिकवणी थांबवली, चाल टेप केली आणि मग शिकवणी पुढे सुरू केली. त्या चालीचं ‘किलिंग इन द नेम’ झालं.

गिटारवादक श्रोत्यांचा या अल्बमवर इतका जीव का, ते इथे कळतं. त्यांच्या लेखी हे वाद्य कसं वापरायचं याचं प्रात्यक्षिक आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जण शब्दांकडे आयुष्यभर फिरकत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. तबल्याचा विद्यार्थी ठुमरी ऐकताना नायिकेच्या विरहात किती वेळ घालवतो?

स्पीकर तपासायला हाच अल्बम का लावतात?

माझा दुकानदार एकटा नव्हता. आवाजाचे दर्दी, म्हणजे वायरीपायी पगार घालवणारे लोक, आजही नवीन यंत्रणा तपासायला हा अल्बम काढतात. कारण ‘डायनॅमिक रेंज’. म्हणजे रेकॉर्डिंगमधला सगळ्यात हलका आवाज आणि सगळ्यात मोठा आवाज यांतलं अंतर.

चांगला कीर्तनकार आठवा. तो मधेच आवाज इतका खाली आणतो की देवळातले सगळे नकळत पुढे झुकतात, आणि मग एकदम गजर करतो. उलट वरातीतला डीजे. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सगळं फुल्ल. दहा मिनिटांनी कान बधिर होतात आणि मोठा आवाजही मोठा वाटेनासा होतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रॉकची बरीच रेकॉर्डिंग डीजेच्या वाटेने गेली, कारण रेडिओवर शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं मोठं वाजावं ही चढाओढ. हा अल्बम त्याआधीचा. ध्वनीमिश्रण अँडी वॉलेसचं. ‘निर्वाणा’ या रॉक बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमचं मिश्रण करणारा तोच. इथे प्रत्येक वाद्याला मोकळी जागा आहे. ड्रमच्या कातड्यावर काठी पडलेली कळते. आणि शांतता खरीखुरी शांत असल्यामुळे पुढचा धक्का खरोखर बसतो.

तेव्हा आवाजवाल्यांच्या तटातला, गिटारवादकांनंतरचा हा दुसरा गट. यालाही शब्दांची गरज नाही.

आता शब्द बघू

पहिलं गाणं सोडून दुसऱ्यावर येतो, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. ‘किलिंग इन द नेम’मध्ये मोजून सात-आठ वेगळ्या ओळी आहेत. त्यातली एक म्हणते, फौजफाट्यात काम करणाऱ्यांतलेच काही क्रॉस जाळणारेही आहेत. क्रॉस जाळणं ही कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या टोळीची खूण. म्हणजे ओळीचा अर्थ असा, की दिवसा वर्दीत असतो त्यातलाच कुणी रात्री टोळीत असतो. पुढे, बिल्ला लावला की माणसं मारलेली माफ कशी होतात, ते. आणि मग शेवटी एकच ओळ, शिवीसकट, सोळा वेळा: तू सांगशील ते मी करणार नाही. पहिल्यांदा पुटपुटल्यासारखी, मग चढत-चढत घसा फाटेपर्यंत.

बाकीची गाणीही गोलमोल बोलत नाहीत. ‘टेक द पॉवर बॅक’ शाळेच्या अभ्यासक्रमावर आहे, त्यात युरोपखेरीज कुणाचा इतिहासच नाही म्हणून. ‘बुलेट इन द हेड’ टीव्हीसमोर बसून सरकारी बातमी गिळणाऱ्यांवर. ‘टाउनशिप रिबेलियन’च्या नावातच दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या आहेत, तेव्हा तिथे वर्णभेदी राजवट अजून संपायची होती. ‘फ्रीडम’च्या व्हिडिओत लेनर्ड पेल्टियर या मूळनिवासी कार्यकर्त्याच्या खटल्याची हकीकत आहे. दोन एफबीआय एजंटांच्या खुनाबद्दल तो जवळजवळ अर्धं शतक तुरुंगात होता. २०२५ च्या जानेवारीत शिक्षा सौम्य झाली आणि फेब्रुवारीत तो घरी नजरकैदेत गेला. ‘वेक अप’मध्ये तर डी ला रोचा एफबीआयचा खराखुरा अंतर्गत कागदच वाचून दाखवतो, कृष्णवर्णीयांच्या चळवळीतल्या कुणाकुणाला दाबायचं याचा. आणि गाणं संपतं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६५ च्या भाषणातल्या ‘किती काळ? फार काळ नाही’ या शब्दांवर. तेच गाणं १९९९ मध्ये ‘द मेट्रिक्स’ या चित्रपटाच्या शेवटी वाजलं आणि लाखो लोकांनी ते खुर्चीतून उठता-उठता ऐकलं. कागद कितींना ऐकू आला असेल?

मग ज्यांच्याविरुद्ध गाणं, तेच त्यावर नाचतात कसे?

२०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांच्या आवडत्या बँडमध्ये हे नाव निघालं. त्यांचं म्हणणं माझ्या दुकानदाराचंच होतं: आवाज आवडतो, शब्द नाही. मोरेलोने ‘रोलिंग स्टोन’मध्ये लिहून कळवलं, की आम्ही ज्या यंत्राविरुद्ध चिडलो आहोत ते यंत्र म्हणजे हेच गृहस्थ. नोव्हेंबर २०२० मध्ये फिलाडेल्फियात ट्रम्प यांचे समर्थक पोलिसांच्या पाठिंब्याचा झेंडा घेऊन ‘किलिंग इन द नेम’वर नाचतानाचा व्हिडिओ फिरला. पोलिसांवर तुटून पडणारं गाणं, पोलिसांच्या झेंड्याखाली.

याला दोन कारणं आहेत असं मला वाटतं. पहिलं वर आलंच: रिफ शरीराला आधी कळते. मान हलायला लागल्यावर शब्द येतात, आणि तोवर निकाल लागलेला असतो. गणपतीत ढोल-ताशा वाजत असताना पथकाच्या झेंड्यावर कुणाचं नाव आहे ते आपण तरी कुठे वाचतो?

दुसरं कारण एका सर्वनामात आहे. ‘तू सांगशील ते मी करणार नाही’ यातला ‘तू’ कोण? आधीच्या ओळी ऐकल्या तर पोलीस. पण त्या ओळी ऐकल्याच नाहीत, आणि शेवटच्या दीड मिनिटात ती एकटी ओळच तुमच्या हातात आली, तर? सोळा वर्षांच्या मुलासाठी ‘तू’ म्हणजे बाप. नोकरदारासाठी साहेब. २०२० मध्ये मास्क लावा म्हटल्यावर चिडणाऱ्यासाठी सरकारी डॉक्टर. ज्याला ज्याचा राग, त्याने तो तिथे बसवावा. गाण्याची ताकद याच उघड्या जागेत आहे आणि गोची पण. डी ला रोचाने ‘तू’च्या जागी एक नाव टाकलं असतं, तर कुणी चुकून नाचलं नसतं, पण मग तीस वर्षं कुणी ओरडलंही नसतं.

ही उघडी जागा किती लवचिक आहे त्याचा नमुना ब्रिटनने दाखवला. तिथे नाताळच्या आठवड्यात विक्रीत पहिलं येणारं गाणं हा मानाचा विषय, आणि सलग चार वर्षं तो मान ‘द एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेच्या विजेत्याने नेला होता. २००९ मध्ये एका जोडप्याने फेसबुकवर आवाहन केलं, की या वेळी सगळ्यांनी ‘किलिंग इन द नेम’ विकत घेऊ या. पाच लाख दोन हजारांहून जास्त प्रती खपल्या, स्पर्धेचा विजेता सुमारे पन्नास हजारांनी मागे पडला. बीबीसीच्या एका रेडिओ वाहिनीने बँडला थेट वाजवायला बोलावलं, शिव्या देऊ नका म्हणून विनवलं. काय झालं असेल ते सांगायला नको. (१९९३ मध्ये बीबीसीच्याच दुसऱ्या वाहिनीवर हे गाणं चुकून न कापता लागलं होतं, तेव्हा १३८ तक्रारी आल्या होत्या. एवढ्यावरून धडा घ्यायला हरकत नव्हती.) पुढच्या जूनमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात बँडने आभार म्हणून फुकट कार्यक्रम केला. पाच लाख लोकांनी पोलिसी अत्याचारावरचं गाणं विकत घेतलं ते एका टीव्ही कार्यक्रमाचा कंटाळा आला म्हणून.

“सोनीचे पैसे घ्यायचे आणि क्रांती करायची?”

सगळ्यात जुना आक्षेप हा, आणि वजनदारही. अल्बम एपिक या कंपनीचा, आणि एपिक म्हणजे सोनी. भांडवलशाहीला शिव्या घालायच्या आणि त्यासाठी जगातल्या बलाढ्य कंपनीचे ट्रक वापरायचे. २००९ च्या त्या गमतीतही मेख हीच होती: हरलेला विजेता ज्या लेबलचा होता, तेही सोनीच्याच घरातलं. कुणीही जिंको, गल्ला एकच.

मोरेलोचं उत्तर असं, की भांडवली समाजात माहितीही भांडवली वाटांनीच फिरते. भांडवलशाहीवर टीका करणारे अमेरिकन विचारवंत नोम चॉम्स्की आपली पुस्तकं मोठ्या दुकानांच्या साखळीत विकू नका म्हणतील का? उत्तर चलाख आहे. पूर्ण पटतं असं नाही, पण दुसरी बाजू बघा. हा अल्बम सोनीने न नेता चार गावांतल्या पंक दुकानांत राहिला असता, तर लॅमिंग्टन रोडवर माझ्या कानावर आला नसता. एकट्या अमेरिकेत त्याला ट्रिपल प्लॅटिनम मिळालं, म्हणजे तीस लाखांवर प्रती. त्या मोबदल्यात ढोंगाचा ठपका ते कायम वाहतायत. सौदा कसा वाटतो ते ज्याचं त्याने बघावं. मला तो वाईट वाटत नाही.

“सगळी गाणी सारखीच. आणि गाणी कसली, घोषणा!”

अर्धं खरं आहे. साचा ठरलेला: दबकी सुरुवात, चढण, स्फोट, आणि शेवटी एक ओळ घोटून-घोटून. सलग ऐकताना ‘फिस्टफुल ऑफ स्टील’पर्यंत मला स्वतःला थकवा येतो, आणि ‘सेटल फॉर नथिंग’ नसतं तर मी तक्रार केली नसती. रॅपचे जाणकार म्हणतात, की शब्दांची बारीक कसरत, यमकात यमक, हे डी ला रोचाकडे त्या काळच्या न्यूयॉर्कवाल्यांच्या मानाने कमी आहे. तेही बरोबर.

पण घोषणा म्हणून हिणवताना घोषणा कशासाठी असते ते विसरायला होतं. मोर्च्यात अलंकारिक ओळ कुणी उचलत नाही. पाठीमागच्या माणसाला पहिल्यांदा ऐकून दुसऱ्यांदा म्हणता आली पाहिजे, ही घोषणेची परीक्षा, आणि शाहिरामागे ‘जी जी जी’ म्हणणाऱ्या झीलकऱ्यांचीही तीच. या गाण्यांचे शेवट त्या परीक्षेला बसवलेले आहेत. कागदावर वाचून त्यांना नापास करणं म्हणजे आरतीला कविता म्हणून गुण देणं.

मुखपृष्ठाबद्दल एक गैरसमज

मुखपृष्ठावर जळता भिक्खू आहे. छायाचित्र माल्कम ब्राउन यांचं, ११ जून १९६३, सायगाव. पुष्कळ श्रोते सांगतात, की अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाचा हा निषेध. तसं नाही. थिक क्वांग डुक यांनी भरचौकात स्वतःला जाळून घेतलं ते दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांच्या सरकारविरुद्ध, बौद्धांशी होणाऱ्या दुजाभावासाठी. ठिणगी महिनाभर आधी ह्यूए शहरात पडली होती. बुद्धजयंतीला बौद्ध ध्वज लावायला मनाई केली गेली, लोक जमले आणि गोळीबारात माणसं मेली. तोच पंचरंगी ध्वज महाराष्ट्रातल्या हजारो घरांवर आणि विहारांवर असतो, त्यामुळे मराठी वाचकातल्या बऱ्याच जणांना हे चित्र अमेरिकन पोरांपेक्षा जवळून कळावं.

एका माणसाचं मरण सीडीच्या डबीवर लावून विकावं का, यावर श्रोत्यांत आजही दोन मतं आहेत. मी दोन्ही बाजूंना झुकून आलोय. इतकंच म्हणेन, की तो भिक्खू बघून कितीतरी जणांनी त्याचं नाव शोधलं, मीही त्यातलाच.

याच्या पोटी जे जन्मलं त्याचं काय?

नव्वदच्या उत्तरार्धात रॅप आणि जड गिटार यांची लाट आली. तिला ‘नू मेटल’ म्हणतात. लाल टोप्या, ढगळ चड्ड्या, आणि राग कसला तर मैत्रीण सोडून गेली त्याचा. साचा उचलला, आतलं पुरण फेकलं. या लाटेचा मोठा बँड लिंप बिझकिट. त्यांच्या जन्माबद्दल कॉमरफर्डने पुढे चक्क माफी मागितली. काही श्रोते मूळ अल्बमवरच हा राग काढतात. लेकाच्या उद्योगांसाठी बापाला पोलीस ठाण्यात बसवण्यासारखं आहे ते. तरी ही लाट मला एका अर्थी पुरावा वाटते. संगीत शब्दांवाचून इतक्या सहज चाललं, कारण ते मुळातच स्वतःच्या पायावर उभं होतं.

२०२३ मध्ये बँड रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला. समारंभाला चौघांतला एकटा मोरेलो हजर होता. श्रोत्यांचं सोडा, त्या चौघांचंही एकमत नसावं.

पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर अल्बम दोनदा ऐका. एकदा चांगल्या स्पीकरवर, शब्दांकडे ढुंकूनही न बघता. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून, हेडफोनवर. सुरुवात ‘वेक अप’पासून केलीत तर बरं, त्यात चढण सगळ्यात लांब आहे. ‘किलिंग इन द नेम’ मात्र घरात आजी असतील तर दोन्ही वेळा हेडफोनवरच ठेवा. माझ्या आईला इंग्रजी येत नाही, शेवटच्या दीड मिनिटात चौथ्या-पाचव्या खेपेला ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “कोणाला एवढ्या शिव्या देतोय रे हा?”